गूगलले फुकटात पत्ता सांगून भेटते काय?

नागपुरातली थंडीतली सकाळ, तर्री-पोह्याचा ठेला. सोबत आमच्या लेआऊटमधले, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतले, काकाजी. टपाल खात्यातून निवृत्त, सत्तरीच्या आसपास, डोक्यावर माकडटोपी. पोहे हातात येईपर्यंत त्यांनी फोन काढला, ठेल्याच्या पाटीचा फोटो घेतला, मग दोन पावलं मागं सरकून बाजूच्या गल्लीसकट आणखी एक घेतला. ठेलेवाल्याचा झारा हवेतच थांबला.

"काकाजी, फोटो काहून काढून राह्यले? कार्पोरेशनवाल्याईले पाठवता का?"

"नाही रे बापा. नकाशात टाकतो. सकाळी सहाले लावतो ना तू ठेला? अन् दहाले उठवतो. तेच लिहून राह्यलो."

"याचे पैसे भेटते का तुमाले?"

"एक रुपया नाही."

"मंग काहून?"

काकाजींनी उत्तर दिलं नाही. तोवर पोहे आले होते आणि वर तर्री पडली होती. पण ठेलेवाल्याचा प्रश्न चोख होता. कोट्यवधी लोक रोज आपला वेळ, आपला डेटा आणि आपली माहिती खर्च करून नकाशावर काहीतरी लिहितात. दुकान कधी उघडतं, गेट कोणत्या बाजूला आहे, थाळीत भात दुसऱ्यांदा मिळतो का. ज्या कंपनीसाठी ते लिहितात ती जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक. कोपऱ्यावरचा किराणावाला चार रुपये सुटे सोडत नाही, तिथे हा एवढा उदारपणा कशासाठी?

## उपग्रहाला पाटी वाचता येत नाही

आधी नकाशा बनतो कसा ते पाहू. फोनमधल्या नकाशाचा माल चार-पाच ठिकाणांहून येतो. वरून उपग्रहाची आणि विमानातून घेतलेली छायाचित्रं. सरकारी नोंदी. रस्त्यावरून कॅमेरा लावून फिरणाऱ्या गाड्या. गूगलची अशी रस्त्याची दृश्यं भारतात जुलै २०२२मध्ये भारतीय कंपन्यांच्या मदतीने नव्याने सुरू झाली. पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर होतं, नागपूर नव्हतं. (अशा याद्यांची आपल्याला सवय आहे.)

चौथा माल आपल्या खिशातून जातो. फोन कुठे आहे आणि किती वेगाने सरकतो आहे, यावरून रस्ता मोकळा की तुंबलेला हे ठरतं. २०२०मध्ये बर्लिनमधल्या एका कलाकाराने हातगाडीत ९९ फोन भरले आणि रिकाम्या रस्त्यावरून तो ती हळूहळू ओढत गेला. नकाशावर तो रस्ता लालभडक झाला. म्हणजे काही माहिती आपण देतो, आणि काही आपल्याकडून आपसूक घेतली जाते.

एवढं सगळं करून नकाशाला काय दिसतं? एक निळं पत्र्याचं छप्पर. त्याखाली पिठाची चक्की आहे, शिकवणी वर्ग आहे की कुलूप लागलेलं गोदाम, हे वरून कळत नाही. दवाखाना दुपारी दोन ते पाच बंद असतो हेही कळत नाही. हे फक्त तिथून रोज जाणाऱ्या माणसाला माहीत असतं.

ही अडचण काही फोनसोबत आलेली नाही. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासहून भारताची शास्त्रीय मोजणी सुरू केली. वीस वर्षं मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकला, आणि नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या हिंगणघाटात वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच मोजणीच्या परंपरेतला आपला नागपूरचा झिरो माइलचा दगड. तो भारताचा मध्यबिंदू आहे की नाही यावर लोक अजून भांडतात, ते भांडण इथे नको. त्यावर जबलपूर, हैदराबाद, चांदा अशी गावं कोरलेली आहेत. अंतर दुर्बिणीने आणि साखळीने मोजता येतं. गावाचं नाव मात्र दुर्बिणीतून दिसत नाही, ते कुणाला तरी विचारावंच लागतं.

पुढे १५ ऑगस्ट १९७२ला पिन कोड आला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याने आखला. नागपूरचा ४४० तेव्हापासूनचा. काकाजींची हयात या आकड्यांत गेली. ते म्हणतात, "पिन कोड पोस्टापर्यंत आणते. पुढचं पोस्टमनच्या डोक्यात असते." कोणत्या घराचं दार मागून आहे, कोणाचं कुत्रं मोकळं असतं, कोणतं कुटुंब मागच्या महिन्यात बेसाकडे राहायला गेलं, हे सगळं डोक्यात. आज नकाशावर हौसेने लिहिणारे लोक हीच डोक्यातली माहिती बाहेर काढून ठेवतात.

## वर्गणी, पण माहितीची

एका ठिकाणी पगारी माणसं न बसवता हजारो लोकांकडून थोडंथोडं काम गोळा करायचं, याला 'क्राउडसोर्सिंग' म्हणतात. हा शब्द २००६ साली रूढ झाला. दुसऱ्याच वर्षी मायकेल गुडचाइल्ड या भूगोलतज्ज्ञाने नकाशापुरतं त्याला वेगळं नाव दिलं आणि मांडलं की सामान्य माणूस हाच आता पृथ्वीवर पसरलेला मोजणीयंत्राचा संच आहे. आपल्याला एवढ्या जड शब्दांची गरज नाही. गणपतीची वर्गणी आठवा. कोणी एकवीस देतो, कोणी पाचशे एक, आणि मंडप उभा राहतो. इथे पैशाऐवजी माहिती गोळा होते. या लेखात मी तिला वर्गणीच म्हणेन.

वर्गणीत होतं तेच इथेही होतं. मंडपात येतात सगळे, पावती फाडतात थोडे, आणि खांब रोवायला रात्री बारापर्यंत चारच पोरं असतात. इंटरनेटवरच्या सहभागाबद्दल याकोब नील्सन या अभ्यासकाने २००६मध्ये एक ढोबळ हिशोब मांडला होता: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून काहीतरी टाकतात, आणि एकजण जवळपास सगळा भार उचलतो. हा काही निसर्गनियम नाही, जागेजागी आकडा बदलतो. पण काकाजींकडे पाहिलं की तो एकजण कसा दिसतो ते कळतं.

या वर्गणीची दोन मोठी मंडळं आहेत. एक ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट याने सुरू केलेलं. तिथल्या सरकारी नकाशांचा डेटा वापरायला महाग होता, म्हणून लोकांनीच आपला नकाशा काढायचा ठरवला. दुसरं गूगल. रस्ते, तलाव, वस्त्या लोकांनीच काढायच्या, असं गूगलचं 'मॅप मेकर' नावाचं साधन २००८मध्ये आलं, आणि ते घडवलं होतं भारतातल्याच अभियंत्यांनी. कारण उघड आहे: आपल्याकडे विकत घ्यायलाही धड नकाशे नव्हते. २०१७मध्ये ते बंद करून त्यातलं बरंचसं काम मूळ नकाशातच घेतलं गेलं. आता रिव्ह्यू, फोटो, दुरुस्त्या टाकायची जी सोय आहे तिला 'लोकल गाइड' म्हणतात.

## बरं, पण सांगणारा सांगतो काहून?

याचं एकच एक उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. माणसं निरनिराळ्या कारणांनी लिहितात, आणि तोच माणूस सोमवारी एका कारणाने लिहितो आणि शनिवारी दुसऱ्या.

सगळ्यात जुनं कारण पानठेल्यावर दिसतं. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कोणत्याही पानठेल्यासमोर गाडी थांबवून पत्ता विचारा. ज्याला विचारलं तो तर सांगतोच, बाजूचा, ज्याला विचारलंच नाही, तो म्हणतो, "तिकडून कायले पाठवता, इकडून जाऊ द्या." मग त्या दोघांतच जुंपते आणि तुम्ही तिसऱ्याला विचारून निघता. पत्ता सांगण्यात एक सुख आहे. आपल्याला काहीतरी पक्कं माहीत आहे आणि समोरच्याला त्याची आत्ता, या क्षणी गरज आहे, असे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत. शिवाय फुकटात येतात. नकाशावर लिहिणारा त्याच पानठेल्यावर उभा असतो. फक्त विचारणारा अजून आलेला नसतो.

दुसरं कारण माझ्यावरच गुदरलं. आईचे गुडघे गेलेले. धंतोलीतल्या एका हाडाच्या डॉक्टरांचं नाव कोणी तरी सुचवलं. नकाशावर पाहिलं तर भरपूर तारे आणि खाली नेहमीचं: 'बेस्ट डॉक्टर', 'नाइस', जोडलेले हात. स्क्रोल करता करता तीन वर्षांपूर्वीचं एक सापडलं. नाव अनोळखी, चित्राच्या जागी गुलाबाचं फूल. लिहिलं होतं: 'डॉक्टर चांगले आहेत. दवाखाना दुसऱ्या माळ्यावर. लिफ्ट साडेदहानंतर चालू करतात. वयस्कर माणसाला त्याआधी आणू नका, पायऱ्या उंच आहेत.'

आम्हाला साडेनऊची वेळ मिळाली होती. फोन करून अकराची मागून घेतली.

ते गुलाबाचं फूल कोण होतं, मला माहीत नाही. पण त्या दोन माळ्यांच्या पायऱ्या आईला चढाव्या लागल्या नाहीत, त्या त्याच्यामुळे किंवा तिच्यामुळे. परत निघताना मी लिफ्टवाल्याला विचारलं. म्हणाला, आता नऊलाच सुरू करतो साहेब. ते मी त्याच रात्री लिहून टाकलं. नकाशावर मी लिहिलेली पहिली ओळ ती. उपकाराची परतफेड म्हणावी तर ज्याचे उपकार त्याला ती पोचलीच नाही, तिसऱ्यालाच पोचली असेल. आपल्याकडे रेल्वेत कोणी आपल्याला जागा दिली की पुढच्या प्रवासात आपण दुसऱ्याला देतो, तसं.

तिसरं कारण थोडं लाजत सांगायचं असतं: नाव. गूगल प्रत्येक कामाचे गुण देतं. एका रिव्ह्यूचे दहा, तो दोनशे अक्षरांपेक्षा मोठा असेल तर आणखी दहा, फोटोचे पाच, नवी जागा नोंदवली तर पंधरा. गुणांवरून दहा पातळ्या, आणि चौथ्या पातळीपासून नावाजवळ बिल्ला. दहाव्या पातळीला एक लाख गुण लागतात, म्हणजे मोठमोठे रिव्ह्यूच लिहायचे म्हटले तर पाच हजार. या गुणांचा एक रुपयाही होत नाही. आमचे काकाजी सातव्या पातळीवर आहेत आणि हे ते न विचारता सांगतात.

यावर हसू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात चौकाचौकात पाणपोई लागते. रांजण, ओलं फडकं, दोरी बांधलेला पेला, आणि वर ठळक पाटी: अमुक यांच्या स्मरणार्थ, सौजन्य तमुक. पाटीवर नाव आहे म्हणून ४५ अंशात ते पाणी कमी गार लागतं का? नावाची हौस आणि दुसऱ्याची तहान ही दोन्ही एका रांजणात सुखाने राहतात. अडचण तेव्हा, जेव्हा पाटी मोठी होते आणि रांजण कोरडा. 'गुड', 'गुड', 'व्हेरी गुड' असे दिवसाला चाळीस रिव्ह्यू टाकणारे पाहिले की मला ती पाणपोई आठवते.

चौथं कारण राग. रात्री अकरानंतर लिहिलेले एक ताऱ्याचे रिव्ह्यू वाचा, त्यात बिर्याणी कमी आणि बायकोसमोर झालेला अपमान जास्त असतो. याचा एक परिणाम वाचणाऱ्याने समजून घ्यावा. फार खूश झालेला लिहितो आणि फार भडकलेला लिहितो; ज्याचं जेवण 'ठीकच होतं' तो हात धुऊन घरी जातो. म्हणून पाच आणि एक ताऱ्यांचे ढीग लागतात आणि मधे खड्डा पडतो. मी स्वतः तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू आधी उघडतो. तीन तारे देणाऱ्याला ना ठेलेवाल्याचं भलं करायचं असतं ना वाटोळं, आणि तो बहुधा पार्किंगबद्दल खरं बोलतो.

आणि पाचवं कारण, ज्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं: आपली जागा नकाशावर असावी, आणि तिच्या खऱ्या नावाने असावी. नागपूरचा पत्ता कसा असतो ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. प्लॉट नंबर ८३, अमुक गृहनिर्माण सहकारी संस्था, तमुक लेआऊट, ढमुक शाळेच्या मागे. प्रत्येक लेआऊटचे प्लॉट नंबर एकपासून सुरू होतात, त्यामुळे शेजारच्या लेआऊटमध्येही एक ८३ असतो आणि तिथली पार्सलं आपल्याकडे येतात. ज्या लेआऊटला रस्ता, गडरलाइन (सांडपाण्याची गटारं), दिवे मिळवायला वीस वर्षं लागली, तिथल्या माणसाला फोनच्या पडद्यावर आपल्या गल्लीची रेघ उमटलेली पाहून जे वाटतं, त्याला 'युजर कॉन्ट्रिब्यूशन' म्हणणं फारच कोरडं आहे. तसंच नावांचं. नागपूरचा जुना महाल भाग हा महाल आहे, कुठे तो 'महल' झालेला दिसला की अंगावर काटा येणारे लोक आहेत आणि ते रात्री बसून दुरुस्त्या करतात. एकाच चौकाला कोणी संविधान चौक लिहितो, कोणाच्या तोंडात अजून आरबीआय चौक आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच जागेच्या मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो, जुन्या नावासाठीही. तो कोणीतरी भरावा लागतो.

## "पण कमावते तर कंपनी!"

हा आक्षेप खरा आहे, आणि गोड बोलून तो उडवून लावणं बरोबर नाही. तुम्ही दुकानाची वेळ लिहिता, त्यामुळे नकाशा भरवशाचा होतो, म्हणून लोक तो उघडतात, आणि लोक उघडतात म्हणून त्यावर जाहिरात विकली जाते. रिव्ह्यू तुमचाच राहतो, पण तो वापरायची मोकळी परवानगी तुम्ही अटी मान्य करतानाच देऊन बसलेले असता. गणपती मंडळ निदान विसर्जनानंतर फळ्यावर हिशोब लावतं. इथे फळाच नाही.

ओपनस्ट्रीटमॅपचा फरक इथे आहे. तिथला डेटा कोणीही डाउनलोड करून वापरू शकतो. अट एवढीच की श्रेय द्यायचं आणि त्या डेटात भर घातली तर ती त्याच अटींवर खुली ठेवायची. २०१०मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी घरबसल्या उपग्रहाची चित्रं पाहून तिथले रस्ते काढले आणि मदत पथकांनी ते वापरले. तसं गूगलच्या नकाशात तुम्ही घातलेली भर तुमचं मंडळ उद्या उचलून दुसरीकडे नेऊ शकत नाही.

मग शहाण्याने फक्त खुल्या नकाशावरच लिहावं? काकाजींना मी हे विचारलं. ते म्हणाले, "पेशंट कोणत्या नकाशात पाहून येते? तिथं लिहीन मी." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. लिहिणारा कंपनीला देतच नसतो, तो वाट चुकलेल्या माणसाला देत असतो. कंपनी मधे गल्ला मांडून बसली आहे एवढंच. गल्ल्याचा राग धरून वाट चुकलेल्याला सोडायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी दोन्हीकडे लिहितो. दुप्पट वेळ जातो.

## "पैसे दिले तर जास्त लोक लिहितील ना?"

वाटतं खरं तसं. इस्राएलमधल्या हैफा शहरातला पाळणाघरांवरचा एक प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. २०००मध्ये तो प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला आईबाप उशिरा येत. काही पाळणाघरांनी उशिराबद्दल दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता, तर तो जवळजवळ दुप्पट झाला. आधी उशीर झाला की बाईंसमोर मान खाली जायची. आता ती सोय विकत मिळत होती. पुढे दंड काढून टाकला तरी जुनी लाज परत आली नाही.

पत्ता सांगणाऱ्याला दहा रुपये देऊन पाहा. तो घेणार नाही, आणि वर त्याला राग येईल. घेणारा मिळालाच तर पुढच्या वेळी तो पत्ता सांगायच्या आधी हात पुढे करेल, आणि माहीत नसलं तरी सांगेल. पैशाने संख्या वाढते, पण कोणाची वाढते हे पाहायला हवं. बिल्ला आणि गुण ही म्हणूनच हुशारीची युक्ती आहे. नाव देतात, दाम देत नाहीत.

## "सगळे रिव्ह्यू विकतचेच असतात हो"

सगळे नसतात, पण पुष्कळ असतात. २०२३ या एका वर्षात नियमांत न बसणारे १७ कोटींहून जास्त रिव्ह्यू अडवले किंवा काढले, असं गूगलनेच सांगितलं आहे. कारण ताऱ्यांना भाव आहे. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११मध्ये सिएटल शहरातल्या उपाहारगृहांचा अभ्यास केला, तेव्हा येल्प या संकेतस्थळावरचा एक तारा वाढला की कमाई ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असं दिसलं. ही वाढ लहान, स्वतंत्र हॉटेलांची होती. साखळीवाल्यांना फरक पडला नाही, त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत होतं. म्हणजे ज्याला ताऱ्याची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच खोटं लिहून घ्यायचा सगळ्यात जास्त मोह.

परवाच एका सावजी भोजनालयात बिल यायच्या आधी पोरगा चौकोनी कोडची पाटी घेऊन आला. "सर, पाच स्टार द्या ना, सोलकढी आमच्याकडून." सावजीत सोलकढी कुठून आली हा वेगळा लेख होईल. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. त्यात असे आमिष दाखवून मिळवलेले रिव्ह्यू बसत नाहीत. पण ते पाळणं ऐच्छिक आहे, आणि सोलकढी समोर आलेली असते.

ओळखायचं कसं? खऱ्या माणसाच्या लिहिण्यात बारकावा असतो. लिफ्टची वेळ, पंख्याखालचं टेबल, सुटे पैसे नसले तर होणारी पंचाईत. विकतच्या लिखाणात विशेषणं असतात.

## "कोणी चुकीचं लिहिलं तर?"

लिहितात. २०१५मध्ये मॅप मेकरवर कोणीतरी रावळपिंडीजवळच्या भागात अँड्रॉइडचा रोबो ॲपलच्या चिन्हावर लघवी करतोय असं चित्र हिरवळ म्हणून काढून ठेवलं, आणि ते नकाशात दिसूही लागलं. ते साधन काही महिने बंद ठेवावं लागलं. आता तुम्ही केलेला बदल यंत्र तपासतं, काही माणसं तपासतात, आणि तुमचे आधीचे बदल किती खरे निघाले हेही पाहिलं जातं. ज्याचा पत्ता दहादा बरोबर निघाला त्याचं अकराव्यांदा लवकर ऐकायचं, हा पानठेल्याचाच नियम.

मला चुकीच्या माहितीपेक्षा न आलेल्या माहितीची जास्त भीती वाटते. नोव्हेंबर २०२४मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तीन जण गेले. पुलाचा पुढचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता. नकाशावर मात्र रस्ता सरळ पलीकडे जात होता. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तेव्हा बांधकाम खात्याच्या अभियंत्यांसोबत गूगल मॅप्सच्या अधिकाऱ्याचाही उल्लेख केला. माझ्या मते पहिली जबाबदारी पुलाच्या तोंडाशी भिंत न घालणाऱ्याची. नकाशा हा काही अडथळा नाही. पण आजूबाजूच्या गावांत तो पूल तुटल्याचं कोणाला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच कोणाला ते लिहावंसं वाटलं नसेल. जे सगळ्यांना माहीत असतं ते सांगायचं राहून जातं, आणि बाहेरून येणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

## "सरकारला चालतं का हे?"

आता बऱ्यापैकी. २०१३मध्ये गूगलने भारतात नकाशे भरण्याची 'मॅपाथॉन' स्पर्धा घेतली तेव्हा परवानगीशिवाय संवेदनशील जागा नोंदवल्या जात आहेत, अशी तक्रार सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा संस्थेने केली आणि प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं. २०१६च्या एका कायद्याच्या मसुद्यात तर शंभर कोटींपर्यंत दंड होता. तो कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांसाठी नकाशाचं काम खूपच मोकळं केलं. तरी लष्कराच्या हद्दीतलं काहीही टाकू नका, आणि नागपुरात ती हद्द जागोजागी आहे. दुसऱ्याच्या घराला त्याच्या नावाची खूण करणं हाही आगाऊपणाच. घर म्हणजे दुकान नव्हे.

आणि माझ्या स्वतःच्या घराचं काय? मानेवाड्याच्या पुढे आमची गल्ली आहे. फोनमधल्या नकाशात ती कित्येक वर्षं नाल्याच्या पलीकडे दाखवली जात होती. गाडी घेऊन येणारा बरोबर नाल्याच्या त्या काठावर उभा राहायचा आणि हात हलवायचा; आम्ही या काठावरून हात हलवायचो. मी दुरुस्ती पाठवली. नाकारली गेली. काकाजींना सांगितलं, त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पाटीचे चार फोटो काढले, स्वतःच्या सातव्या पातळीवरून तीच दुरुस्ती पाठवली आणि चौथ्या दिवशी गल्ली नाला ओलांडून अलीकडे आली. काकाजींनी त्या आठवड्यात हे निदान दहा जणांना सांगितलं असेल.

गॅस सिलिंडरवाला मात्र अजूनही फोन करूनच येतो. नकाशा पाठवू का म्हटलं तर म्हणतो, "ते राहू द्या भाऊ, निंबाचं झाड कोन्या बाजूले ठेवू ते सांगा." मी सांगतो, उजव्या. झाड तोडून दोन वर्षं झाली. सिलिंडर बरोबर दारात येतं.